रविवार धरले तरी बहात्तर

मस्टर मी तीनदा मोजलं. पहिल्यांदा बोट फिरवत, दुसऱ्यांदा पेन्सिलीने टिंबं देत आणि तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटरवर, जणू यंत्राने बेरीज केली की आकडा वाढणार होता. १० जून ते २१ ऑगस्ट, कामाचे दिवस ६२. रविवार धरले तरी ७२. बाळंतरजेच्या कायद्याला हवे होते ८०.

गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी बरीच वर्षं हजेरी आणि पगारपत्रक सांभाळलं. ते मस्टर जिचं, ती मुलगी सत्तरी तालुक्यातली, बीएस्सी झालेली, प्रयोगशाळेत नमुने तपासायला लागलेली. पगार २३,००० रुपये. गरोदरपणाच्या चौदाव्या आठवड्यात सोनोग्राफीत गर्भपिशवीचं तोंड उघडायला लागल्याचं दिसलं, डॉक्टरांनी टाका घातला आणि घरी पाठवलं. नवरा सर्टिफिकेट घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीची फाईल, दवाखान्याची बिलं आणि तिचा रजेचा अर्ज. तो माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "मॅडम, अर्ज तिने झोपूनच लिहिलाय. अक्षर वाकडं आलंय. चालेल ना?"

अक्षर चाललं. दिवस चालले नाहीत.

आपल्याकडे बाळंतपणाची रजा म्हटलं की सगळ्यांना २६ आठवडे आठवतात. २०१७ साली १२ चे २६ झाले तेव्हा आम्ही कार्यालयात पेढे वाटले होते, आणि ते वाटण्यासारखंच होतं. पण त्या २६ आठवड्यांचं घड्याळ प्रसूतीच्या तारखेला बांधलेलं आहे. तारखेआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात, उरलेले नंतर. या मुलीची तारीख २० फेब्रुवारी. म्हणजे रजा लवकरात लवकर २६ डिसेंबरला सुरू होणार. टाका पडला २२ ऑगस्टला. मधले अठरा आठवडे कुणाचे?

त्यांच्यासाठी कायद्यात एक कलम आहे आणि ते बहुतेक बायकांना, खरं तर बहुतेक पगारपत्रकवाल्यांनाही, ठाऊक नसतं. गरोदरपणातून, बाळंतपणातून, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीतून किंवा गर्भपातातून आजार उद्भवला तर नेहमीच्या रजेवर आणखी एक महिना पगारी रजा मिळते. गर्भपात झाला तर सहा आठवडे वेगळे. अठरातला एक महिना गेला, तरी जवळजवळ चौदा आठवडे उरतात. आणि तो एक महिनाही याच रजेच्या जोडीला येतो, तेव्हा त्याचा पायाही तोच: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेलं असायला हवं.

इथे कायद्याची गंमत बघा. कारखान्याने ले-ऑफ दिला, कच्चा माल आला नाही म्हणून लोकांना घरी बसवलं, तर ते दिवस या ८० मध्ये धरले जातात. पगारी सुट्ट्याही धरल्या जातात. डॉक्टरने झोपवून ठेवलेले दिवस मात्र धरले जात नाहीत. यंत्र बंद पडलं तर बाई कामावर, गर्भाशय बंद राहत नाही म्हणून टाका घातला तर बाई गैरहजर. ज्या अडचणीसाठी मदत हवी, तीच अडचण मदतीची पात्रता खाऊन टाकते. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९६१ चा प्रसूती लाभ कायदा तिच्या पोटात गेला. तरी ८० दिवस, आठ आठवडे, एक महिना, सगळं जिथल्या तिथेच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. आपण विचारतो: प्रसूतीची तारीख कुठली, आणि आजार किती मोठा? विचारायला हवं: ही बाई आज स्वतःचं काम करू शकते का? आणि नसेल, तर तिच्या पगाराचा भार एका मालकाच्या खिशावर न टाकता सगळ्यांनी मिळून कसा उचलायचा?

हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९४६ पासून कामगारांच्या पगारातून कापून जमवलेला एक विमा निधी आहे. नाव 'डिसॅबिलिटी इन्शुरन्स'. तिथे डिसॅबिलिटी म्हणजे कायमचं अपंगत्व नव्हे. आजाराने, कामाबाहेरच्या इजेने किंवा गरोदरपणाने माणूस आपलं नेहमीचं काम करू शकत नाही, एवढंच. साध्या गरोदरपणात प्रसूतीआधी चार आठवडे आणि नंतर सहा, सिझेरियन झालं तर नंतर आठ. गुंतागुंत झाली आणि डॉक्टरने तसं लिहून दिलं तर मुदत वाढते, वर्षभरापर्यंत. तिथली बाई "मला ते पैसे मिळतील का?" असं विचारते, तेव्हा उत्तर तिच्या रोगाच्या नावावर नाही, तिच्या कामावर ठरतं.

तेही त्यांना फुकट मिळालेलं नाही. आधी हा निधी साध्या गरोदरपणाला एक डॉलरही देत नसे. १९७४ साली प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की यात स्त्री-पुरुष भेदभाव नाही, कारण एका बाजूला गरोदर बायका आहेत आणि दुसऱ्या बाजूला गरोदर नसलेली माणसं, आणि त्या माणसांत बायकाही आहेतच. तर्क म्हणून हा असा की, एखाद्या शाळेत मुतारी फक्त मुलग्यांसाठी बांधावी आणि वर सांगावं, अडचण फक्त लघवी लागलेल्यांची आहे. १९७८ साली तिथल्या संसदेने कायदा करून ते पुसलं: काम करण्याची क्षमता ज्यांची सारखी, त्यांना वागणूक सारखी. आणि अमेरिकेचं कौतुक करताना हेही सांगायला हवं, की आपल्यासारखी देशभर लागू असलेली पगारी बाळंतरजा त्यांच्याकडे आजही नाही. १९९३ चा त्यांचा देशव्यापी कायदा बारा आठवडे देतो, तेही बिनपगारी. म्हणजे त्यांच्याकडे आपली अर्धी गोष्ट नाही आणि आपल्याकडे त्यांची अर्धी.

इथे एक शब्द आडवा येतो. गरोदर बाईला कुणी 'अपंग' म्हणेल का? आपल्याकडे ती दोन जिवांची. तिची ओटी भरायची, डोहाळे पुरवायचे, तिच्यासमोर अभद्र बोलायचं नाही. मी एका बैठकीत हा विषय काढला, तर एका ज्येष्ठ बाईंनी मला थांबवलं. "असं काही तोंडातून काढू नको गं, दिवस गेलेल्या पोरींबद्दल." त्यांची भावना मला कळते. दुसरीकडून, अपंगांच्या चळवळीतल्या लोकांनाही हे उसनं लेबल वाटू शकतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे आणि अवघड गरोदरपण त्यात कुठेच बसत नाही. बसवूही नये. पणजीत पर्पल फेस्टिव्हल, म्हणजे अपंगांचा महोत्सव, सुरू झाल्यापासून गोव्यात या विषयावर निदान बोललं जातं, आणि त्यातून मी एक गोष्ट उचलली: अडथळा फक्त शरीरात नसतो, शरीर आणि जागा यांच्या मधल्या फटीत असतो. म्हणून शब्द हवाच असेल तर 'कामाला तात्पुरती असमर्थ' म्हणा. अभद्र वाटायला त्यात काही नाही.

ही फट किती वेगवेगळी असते ते कारखान्यात बसलं की दिसतं. वार खाली असलेली एक बाई बँकेच्या काउंटरवर बसून कदाचित आठव्या महिन्यापर्यंत काम करेल. तीच तक्रार असलेली बाई कळंगुटच्या हॉटेलात रोज चौदा खोल्यांच्या गाद्या उचलत असेल, तर तिला पहिल्या रक्तस्रावालाच थांबायला हवं. काजूच्या कारखान्यात दिवसभर एका बैठकीत बी फोडणारीची गोष्ट आणखी तिसरी. आमची मुलगी प्रयोगशाळेत आठ तास उभी असे, औषधातले घटक तपासणाऱ्या एचपीएलसी यंत्रापाशी ॲसिटोनायट्राइल या विषारी द्रावकाच्या बाटल्या हाताळत, आणि त्याआधी वाळपईहून उसगाव, फोंडा, बोरीचा पूल करत खड्ड्यांतून वेर्ण्याला पोचे. तिची असमर्थता मोजायची तर त्या बसपासून मोजायला हवी होती.

पण सर्टिफिकेटवर काय लिहिलं होतं? तीन शब्द: 'ॲडव्हाइज्ड बेड रेस्ट'. मुदत: पुढील तपासणीपर्यंत.

डॉक्टरांवर माझा राग नाही. बाहेर चाळीस बायका बाकावर बसलेल्या असताना तो माणूस तीनच शब्द लिहिणार. पण हेच तीन शब्द बाईचा घात करतात. एक तर 'आराम' हा शब्द मालकाला ऐच्छिक वाटतो. आमचे मॅनेजर म्हणत, "आराम तर मलापण हवाय." दुसरं म्हणजे, पूर्ण बेड रेस्टने अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते असा भक्कम पुरावा मिळालेला नाही. उलट आठवडेच्या आठवडे झोपून राहिल्याने स्नायू झिजतात, पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. प्रसूतितज्ज्ञांच्या संघटना आता सरसकट बेड रेस्ट देऊ नका असंच सांगतात. यावर एखादा हुशार मालक म्हणेल, बघा, आराम लागतच नाही, तेव्हा कामावर या. तो गल्लत करतोय. पलंगावर झोपून राहायची गरज नसणं आणि आठ तास उभं राहता येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग सर्टिफिकेटवर नेमकं लिहू द्या. सलग किती वेळ उभी राहू शकते? किती वजन उचलू शकते? रात्रपाळी चालेल? जिने? प्रवास किती? रसायनांशी संपर्क? छापील कागदावर सहा ओळी, डॉक्टरने खुणा करायच्या आणि आठवडे लिहायचे. यातून दोन गोष्टी होतील. काही बायकांना रजा लागणारच नाही. आमच्याच कारखान्यात बॅच रेकॉर्ड तपासायचं टेबलावरचं काम ढिगाने पडलेलं असे, आणि ती ते पडल्या पडल्या घरूनही करू शकली असती. २०१७ च्या दुरुस्तीत घरून कामाची तरतूद आहे, पण बाळंतरजा संपल्यानंतरची. आधीची नाही. आणि ज्यांना खरोखरच थांबावं लागेल, त्यांच्या हातात मालकाला 'आराम' म्हणून झटकता येणार नाही असा कागद असेल.

आता पैशाचं. आणि इथे ती २१,००० ची रेघ येते.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, येतो. मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. आमच्याकडे पॅकिंगमधली एक बाई, पगार १४,००० च्या आसपास, तिला पाचव्या महिन्यात बीपी चढलं आणि पाय भाकरीसारखे सुजले. तिला आजारपणाचा लाभ मिळाला: पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पैसे ईएसआयने दिले, मालकाचं वर्गणीपलीकडे काही गेलं नाही, म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही. पुढे बाळंतपणाचे २६ आठवडे पूर्ण पगाराने, तेही ईएसआयकडूनच. प्रयोगशाळेतली मुलगी रेघेच्या २,००० वर होती. तिच्यासाठी ना निधी, ना ७० टक्के. तिच्या घरच्यांना वाटत होतं, पोरगी शिकली, वरच्या पगारावर लागली, सुरक्षित झाली. ही रेघ २०१७ च्या जानेवारीत आखली. तेव्हापासून भाव कुठे गेले आणि रेघ कुठे राहिली, हे पगारपत्रकवाल्याला कुणी सांगायला नको.

रेघेखालीही सगळं सुखाचं नाही. आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या एका वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि नव्याने लागलेल्याचा लाभाचा पहिला काळ नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. हे नऊ महिने गिरणी कामगारासाठी ठीक असतील. गोव्यात काय होतं बघा. हॉटेलवाले बायकांना घेतात सीझन उघडला की, ऑक्टोबरात. नऊ महिने पुरे होतात जुलैत. जुलैत धो धो पाऊस, किनाऱ्यावरचे शॅक कधीच उतरलेले, आणि ती बाई मे संपता संपता घरी बसलेली. वर्गणी तिने सीझनभर भरली, लाभाचं दार उघडलं तेव्हा दारात ती नाही.

रेघेच्या वर सगळा खर्च मालकावर. मोठ्या कंपन्यांना पेलतो, पंधरा माणसांच्या कार्यालयाला खुपतो, हे मी नाकारत नाही. वर्षानुवर्षं मी त्याच बाजूच्या खुर्चीत बसले आहे. म्हणून मालकांना नुसत्या शिव्या घालणारे लेख मला अपुरे वाटतात. भार एकट्या मालकावर टाकला की ज्यांच्यामुळे भार येतो ती माणसंच तो टाळतो. त्याला वाईटपणाही लागत नाही, साधा हिशेब पुरतो.

याविरुद्ध जे बोललं जातं त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे, "आमच्या आज्या शेतात राबता राबता बाळंत झाल्या." झाल्या. पण ही गोष्ट आपल्याला सांगतात त्या जगलेल्या आज्या. ज्या राहिल्या त्यांच्या गोष्टी कोण सांगणार? माझ्याच आजीच्या थोरल्या बहिणीबद्दल घरात एकच वाक्य बोललं जायचं: "ती पहिल्या खेपेलाच गेली." पुढे कुणी काही विचारत नसे.

खोट्या सर्टिफिकेटांचं म्हणाल तर ती पाठदुखीचीही मिळतात, गणेश चवथीच्या आधल्या आठवड्यात तर घाऊक मिळतात. म्हणून आजारपणाची रजा कुणी बंद केलेली नाही. गरोदरपण त्या मानाने फार लपवता येणारी गोष्ट नव्हे.

जगाने हे फार पूर्वी लिहून ठेवलंय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षणाचा करार सांगतो की डॉक्टरचा दाखला असेल तर आजार, गुंतागुंत किंवा गुंतागुंतीचा धोका असला तरी बाळंतरजेच्या आधी किंवा नंतर वेगळी रजा द्यावी. 'धोका असला तरी' हे शब्द महत्त्वाचे. टाका घातलेली बाई आजारी नसते, ती धोक्यात असते. भारताने या करारावर मान्यतेची मोहर उमटवलेली नाही.

दिल्लीची वाट बघत बसायची गरज मात्र नाही. गोव्याला महिन्याच्या महिन्याला घरात पैसे पोचवायची सवय आहे. गृह आधारचे १,५०० गृहिणींच्या खात्यात जातात, दयानंद योजनेचे २,००० म्हाताऱ्यांच्या. मुलगी झाली तर ममता योजनेचे १०,००० आहेत, पहिल्या बाळंतपणाला केंद्राच्या मातृवंदना योजनेचे ५,००० आहेत. यादी करायला बसलं की सरकार फार उदार वाटतं. मातृवंदना योजना स्वतःला बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई म्हणवते खरी, पण यातला एकही रुपया 'या महिन्यात मी कामावर जाऊ शकत नाही' हे बघून मिळत नाही. गृह आधार तर घर चालवणारीला महागाईचा आधार म्हणून आहे. पगार बुडाला म्हणून दार ठोठावलं तर उघडायला तिथे कुणीच नाही.

राज्याने एक छोटा निधी काढावा. रेघेच्या वरच्या आणि सीझनवर काम करणाऱ्या, दोघींसाठी. कामगाराकडून थोडं, मालकाकडून थोडं, राज्याकडून थोडं. सहा ओळींच्या सर्टिफिकेटवर पगाराचे ७० टक्के, आठ आठवड्यांची खिडकी उघडेपर्यंत. आणि ८० दिवस मोजताना डॉक्टरने थांबवलेले दिवस ले-ऑफसारखे धरावेत. या शेवटच्या बदलाला तर पैसाही लागत नाही, नियमात एक ओळ लागते. ती दिल्लीत लिहायची आहे, पण ती लिहा म्हणून ठराव करायला पर्वरीच्या विधानसभेला कुणी अडवलेलं नाही.

त्या मुलीचं मी काय केलं, ते सांगायला हवं. २२ ऑगस्टपासून तिच्या रकान्यात 'बिप' लिहीत गेले. बिनपगारी. सप्टेंबर संपेपर्यंत ती ओळ रोज माझ्याच हाताने भरली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिने राजीनामा पाठवला, या वेळी टाईप केलेला. कुणी तिला काढलं नाही, गरोदर बाईला काढणं कायद्याने गुन्हा आहे, हे आमच्या मॅनेजरना पक्कं ठाऊक होतं. जानेवारीत मुलगा झाला, जरा आधीच, पण बरा निघाला. नवऱ्याने फोनवर कळवलं आणि अनुभवाचा दाखला मिळेल का म्हणून विचारलं. ६२ दिवसांचा.

तिच्या जागेसाठी मुलाखती झाल्या तेव्हा मॅनेजरनी मला बोलावून हळूच सांगितलं, फॉर्मवर लिहू नका, पण बोलता बोलता विचारा, लग्न कधी झालं. सात मुली आल्या होत्या. मी सातही जणींना विचारलं.